इंग्रजीतला ‘बाय’ नीट कसा वापरायचा

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या रावेर-यावल भागात इंग्रजीचं पुस्तक कधी हातात न धरलेला शेतकरीही दिवसातून चार वेळा ‘बाय’ म्हणतो. केळीची लागवड पाच बाय पाचवर, मजुराची खोली दहा बाय बारा, गट नंबर अमुक बाय दोन, हॉटेलात सूप वन बाय टू. शब्द जिभेवर रुळलेला आहे, म्हणून तो मुद्दाम शिकायला कोणी बसत नाही. पुढे नोकरी लागते, परगावच्या व्यापाऱ्याला किंवा परदेशातल्या खरेदीदाराला इंग्रजीत दोन ओळी लिहायची वेळ येते, आणि तिथे हाच शब्द घात करतो.

मी फैजपूरला संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. कॉलेजची मुलं येतात, पॅकहाउसमध्ये कागदपत्रं सांभाळणाऱ्या मुली येतात, भुसावळहून रेल्वेच्या परीक्षेची तयारी करणारे येतात. वय वेगळं, काम वेगळं, पण ‘बाय’पाशी सगळे एकाच जागी अडतात. कारण साधं आहे. मराठीत एका प्रत्ययात जे काम उरकतं, ते इंग्रजी दोन-तीन शब्दांना वाटून देते. ‘पर्यंत’, ‘ने’ आणि ‘ऊन’ हे आपले तीन प्रत्यय. हे तिन्ही नीट उलगडले की ‘बाय’चं बहुतेक कोडं सुटतं. म्हणून मी शब्दकोशातल्या क्रमाने जात नाही, मराठीच्या बाजूने जाते.

‘पर्यंत’ आला की थांबायचं

‘शुक्रवारपर्यंत माल कोल्ड रूममध्ये ठेवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवा’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात ठेवण्याचं काम शुक्रवार येईस्तोवर अखंड चालू आहे. दुसऱ्यात पाठवणं एकदाच घडणार आहे. मंगळवारी घडो, बुधवारी घडो, फक्त शुक्रवार ओलांडायचा नाही. पहिल्या ‘पर्यंत’ला इंग्रजीत ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. दुसऱ्याला ‘बाय’. कीप द बॉक्सेस इन द कोल्ड रूम टिल फ्रायडे. सेंड द बॉक्सेस बाय फ्रायडे.

वर्गातली एक मुलगी निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये काम करते. तिथे घडाच्या फण्या वेगळ्या होतात, तुरटीच्या पाण्यातून निघतात, तेरा किलोच्या बॉक्समध्ये बसतात आणि तेरा-चौदा अंशाच्या कंटेनरमधून न्हावा शेवा बंदराकडे जातात. एका संध्याकाळी ती थेट कामावरून आली. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच होते. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. आखाती देशातल्या खरेदीदाराने विचारलं होतं, कंटेनर कधी भरून होणार? तिने उत्तर दिलं होतं, ‘वी विल लोड द कंटेनर टिल फ्रायडे.’ त्यावर समोरून ‘वाय सो लाँग?’ असं आलेलं, आणि आपण काय वाईट लिहिलं ते तिला कळेना.

तिच्या मनात होतं, शुक्रवारपर्यंत भरून होईल. वाचणाऱ्याला दिसलं, शुक्रवार येईपर्यंत आम्ही भरतच बसणार. म्हणजे दार उघडं, थंडावा बाहेर, माल पिकायला मोकळा. नाशवंत मालाचा व्यापारी हे वाचून घाबरला नाही तरच नवल. आम्ही तिथेच वाक्य बदललं, ‘वी विल फिनिश लोडिंग बाय फ्रायडे.’ यात फक्त ‘टिल’चा ‘बाय’ झाला असं नाही. ‘लोड’च्या जागी ‘फिनिश लोडिंग’ आलं. ‘बाय’ला शेवट गाठणारं क्रियापद आवडतं: फिनिश, सेंड, पे, रीच, सबमिट, रिटर्न. ‘टिल’ला चालू राहणारं लागतं: वेट, स्टे, कीप, वर्क, स्लीप.

मुलांना मी एक परीक्षा सांगते. मराठी वाक्यातला ‘पर्यंत’ काढा आणि त्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. अर्थ टिकला तर ‘बाय’. ‘तोवर चालूच’ असं म्हणावंसं वाटलं तर ‘टिल’. ‘एकतीस तारखेच्या आत केवायसी करा’ हे बसतं, म्हणून बाय. ‘बँक चारच्या आत उघडी असते’ हे कानाला खटकतं, म्हणून टिल. शेतीची वीज पहाटे चारपर्यंत राहते, टिल. वीजबिल दहा तारखेपर्यंत भरायचं, बाय. ही परीक्षा एवढी भरवशाची आहे की व्याकरणाचे नियम विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

नकारार्थी वाक्यात मात्र जास्त सावध राहायला हवं. ‘द ट्रक वोन्ट कम टिल मंडे’ म्हणजे ट्रक सोमवारी येईल, त्याआधी नाही. ‘द ट्रक वोन्ट कम बाय मंडे’ म्हणजे सोमवार उजाडला तरी ट्रक आलेला नसेल, पुढे कधी येईल ते यात सांगितलेलंच नाही. पहिलं वाक्य ऐकून कापणी रविवारी संध्याकाळी लावता येते. दुसरं ऐकून घडाला हात लावायचा नसतो. मराठीत दोन्हींना आपण ‘सोमवारपर्यंत येणार नाही’ म्हणतो आणि आवाजाच्या हेलावरून समजून घेतो. लेखी निरोपात हेल नसतो.

‘बाय मंडे’मध्ये सोमवार धरायचा की नाही, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. साधारणपणे धरतात. पण जिथे पैसा किंवा मुदतीचा दंड अडकलेला आहे, तिथे ‘साधारणपणे’वर विसंबू नये. सरळ तास लिहावा, ‘बाय फाइव्ह पीएम ऑन मंडे’. नाहीतर ‘ऑन ऑर बिफोर मंडे’ लिहावं, त्याचा दुसरा अर्थ निघतच नाही.

आपल्याकडची एक सवय इथेच सांगते. ‘मी बाय सहा येते’ असं आपण सहज म्हणतो आणि मनात असतं सहाच्या सुमारास, सव्वासहा झाले तरी काय बिघडतं. इंग्रजीत ‘बाय सिक्स’ म्हणजे सहाच्या पुढे एक मिनिटही नाही. पावणेसहाला आलात तर उत्तम, सहा-पाचला आलात तर उशीर. सुमार सांगायचा असेल तर ‘अराउंड सिक्स’ म्हणावं.

‘दोन दिवसांपर्यंत देतो’ याचं ‘बाय टू डेज’ करू नका. ‘बाय’ला वेळेचा ठिपका लागतो: वार, तारीख, तास, सण. वेळेची लांबी त्याला चालत नाही. तिथे ‘इन टू डेज’ किंवा ‘विदिन टू डेज’. इन टू डेज म्हणजे दोन दिवसांनी, विदिन म्हणजे दोन दिवसांच्या आत कधीही.

आणि ‘पोहोचेपर्यंत’सारखं क्रियापद आलं तर ‘बाय द टाइम’. ‘आम्ही भुसावळला पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली होती’ याचं ‘बाय द टाइम वी रीच्ड भुसावळ, द ट्रेन हॅड लेफ्ट’. यातला ‘हॅड’ गाळायचा नाही, कारण गाडी निघणं आधी घडलं हे तोच दाखवतो. पुढची गोष्ट असेल तर ‘विल हॅव’. मृगबागेची, म्हणजे मृगाच्या सुमारास लावायच्या केळीची, लागवड पोळ्यापर्यंत आटोपलेली असेल, वी विल हॅव फिनिश्ड प्लँटिंग बाय पोळा.

‘ने’ची वाटणी

‘गणेशने विळ्याने घड कापला.’ दोन्हीकडे ‘ने’, आणि मराठीला त्याचं काही वाटत नाही, कारण गणेश कोण आणि विळा काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजी मात्र दोघांना एका रांगेत बसवत नाही. करणाऱ्याला ‘बाय’, साधनाला ‘विथ’. द बंच वॉज कट बाय गणेश विथ अ सिकल. हे उलटं झालं तर गणेश हे हत्यार ठरतं.

करणारा कोण आणि साधन कोणतं, हे ओळखायला एकच विचारायचं: ती गोष्ट कुणाच्या हातात होती का? विळा गणेशच्या हातात होता, म्हणून विथ. वादळ कुणाच्याच हातात नसतं, म्हणून ‘द क्रॉप वॉज डॅमेज्ड बाय द स्टॉर्म’. मे-जूनमध्ये आमच्याकडे एका संध्याकाळच्या वाऱ्याने उभ्या बागा आडव्या होतात. नुकसानीच्या अर्जात लोक ‘डॅमेज्ड विथ विंड’ लिहितात. तिथे ‘बाय’ हवा. गारपीट, पूर, कीड, रोग, वीज या सगळ्यांना बाय.

फैजपूरचं नाव देशभर झालं ते १९३६च्या डिसेंबरमध्ये. खेडेगावात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आमच्या गावात झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, आणि तीही इथल्याच बांबूसारख्या साध्या सामानातून. मी ‘बाय’ शिकवताना हेच उदाहरण घेते, कारण त्यात सगळं येतं. द पॅव्हिलियन वॉज डेकोरेटेड बाय नंदलाल बोस विथ बांबू. सजवणारा बाय, सामान विथ. आणि नेहरूंबद्दल? ‘द सेशन वॉज प्रिसायडेड ओव्हर बाय नेहरू.’ इथे ‘ओव्हर’ आणि ‘बाय’ लागोपाठ आलेले बघून मुलं एक खोडतात. खोडायचं नाही. ‘ओव्हर’ हा ‘प्रिसाइड’चा सोबती, तो त्याच्याबरोबर कायम राहतो. ‘बाय’ नेहरूंना घेऊन आला. ‘लुक्ड आफ्टर बाय’, ‘लाफ्ड अ‍ॅट बाय’, ‘टेकन केअर ऑफ बाय’ ही सगळी याच घराण्यातली आहेत.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेली ही बाई लिहायला-वाचायला शिकली नव्हती. शेतात, जात्यावर तिने ओव्या रचल्या, घरच्यांनी त्या कागदावर उतरवल्या. मराठीत ‘बहिणाबाईंनी लिहिलेल्या कविता’ असं म्हणून आपण मोकळे होतो. इंग्रजीत एकेक काम ज्याचं त्याला देता येतं: कम्पोज्ड बाय बहिणाबाई, रिटन डाउन बाय हर फॅमिली. ‘बाय’च्या आधी कोणतं क्रियापद घालता, त्यावर श्रेय कोणाला जातं हे ठरतं, म्हणून ते विचार करून घाला. जळगावच्या विद्यापीठाला २०१८मध्ये त्यांचं नाव मिळालं. ‘बहिणाबाईंच्या नावाने’ यात ‘ने’ आहे म्हणून ‘नेम्ड बाय बहिणाबाई’ करू नका. त्याचा अर्थ बहिणाबाईंनी बारसं केलं असा होईल. तिथे ‘नेम्ड आफ्टर’.

‘मार्फत’ला ‘बाय’ लावण्याचा मोहही टाळायला हवा. नानांनी सोसायटीमार्फत केळी विकली, तर विकणारे नाना, सोसायटी मधली वाट. नाना सोल्ड द बनानाज थ्रू द सोसायटी. ‘बाय द सोसायटी’ लिहिलंत तर मालच सोसायटीचा असल्यासारखं होतं.

आता वाहन. ‘एसटीने आलो’ हे ‘बाय बस’. ट्रेन, रिक्षा, बोट, विमान, सगळ्यांना बाय, आणि मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ नाही. पण वाहन नेमकं सांगितलं, ‘माझ्या’, ‘आठच्या’, ‘त्या लाल’, की बाय सुटतो. इन माय कार, ऑन माय बाइक, ऑन द एट ओक्लॉक बस, ऑन द महाराष्ट्र एक्सप्रेस. ‘बाय माय बाइक’ हे मी रोज ऐकते आणि रोज दुरुस्त करते. पायी आलो तर ‘ऑन फूट’, ‘बाय वॉक’ नाही.

‘ने’चं चौथं काम फरक सांगण्याचं, आणि इथे मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. भाव शंभराने वाढला, द रेट रोज बाय अ हंड्रेड. भाव तेराशेवर गेला, द रेट रोज टु थर्टीन हंड्रेड. जिथे आपण ‘ने’ म्हणतो तिथे बाय, जिथे ‘वर’ म्हणतो तिथे टु. क्विंटलचा भाव बाराशेवरून तेराशेवर गेला असेल आणि तुम्ही ‘रोज टु हंड्रेड’ लिहिलंत, तर समोरच्याने काय समजायचं? म्हणून दोन्ही आकडे एकत्र लिहायची सवय लावा: द रेट रोज बाय अ हंड्रेड टु थर्टीन हंड्रेड पर क्विंटल. वजन दोन किलोने कमी भरलं, शॉर्ट बाय टू किलोज. बस पाच मिनिटांनी हुकली, मिस्ड द बस बाय फाइव्ह मिनिट्स. मॅच दहा धावांनी जिंकली, वन बाय टेन रन्स. ज्याला क्रिकेटची धावसंख्या ऐकायची सवय आहे त्याला हा ‘बाय’ आधीपासून येतोच. त्याने फक्त तो बाजारभावाला लावायचा.

‘ऊन’ म्हणजे दर वेळी बाय नाही

‘ठिबक वापरून पाणी वाचवा.’ इथे ‘वापरून’ हा उपाय आहे. सेव्ह वॉटर बाय यूजिंग ड्रिप. ‘बाय’च्या पुढे ‘इंग’ लागलेलं क्रियापद. कसं, असं विचारल्यावर उत्तर मिळत असेल तर हाच साचा. पण ‘तो जेवून शेतात गेला’ यात जेवणं हा शेतात जाण्याचा उपाय नाही, ते फक्त आधी झालं. तिथे ‘आफ्टर ईटिंग’. ‘बाय ईटिंग ही वेंट टु द फार्म’ असं लिहिलेलं पेपरात सापडतं, आणि त्याचा अर्थ लागत नाही.

आमच्या भागात याहून वेगळा एक ‘ऊन’ आहे. ‘काय करून राहिला?’ असं इकडे सर्रास विचारतात. त्यातलं ‘करून’ हे उपायही नाही आणि आधीही नाही. काम आत्ता चालू आहे एवढंच ते सांगतं. वॉट आर यू डुइंग? जी मुलं घरी असं बोलतात त्यांना मी बोली सोडायला सांगत नाही. भाषांतर करताना ‘करून’वर न अडकता सगळं क्रियापद एकदम उचला, एवढंच सांगते.

जवळ, बाजूला, जवळून

‘बाय’चा मूळ अर्थ हाच, बाजूला. जर्मनमधला ‘बाय’ उच्चाराचा शब्दही त्याच कुळातला. चांगदेवचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, द टेम्पल स्टँड्स बाय द कॉन्फ्लुअन्स. ‘निअर’ आणि ‘बाय’ यांत अंतराचा फरक असतो. भुसावळ जळगावच्या ‘निअर’ आहे, ‘बाय’ नाही. विहिरीला लागून झोपडी असेल तर ती ‘बाय द वेल’. समोरून, जवळून निघून जाणं तेही बाय: ही वॉक्ड बाय मी विदाउट अ वर्ड. वेळ जाणं पण तसंच, अ‍ॅज द इयर्स गो बाय.

बाजूच्या या अर्थातून जोडशब्द निघाले. बायपास म्हणजे गावाच्या बाजूने जाणारा रस्ता, बायप्रॉडक्ट म्हणजे मुख्य मालाच्या बाजूने निघालेला माल, बाय-इलेक्शन म्हणजे आपली पोटनिवडणूक. सहकारी सोसायटीच्या उपविधींना ‘बायलॉज’ म्हणतात, तो मात्र बहुधा वेगळ्या मुळाचा मानतात. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे गाव. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी, व्हिटबी या गावांच्या शेपटाला तेच आहे. गावाचा कायदा तो बायलॉ. मला हे कळलं तेव्हा सोसायटीच्या सभेतला तो कोरडा शब्द एकदम आपल्यातला वाटू लागला. म्हणून ‘बाय लॉ’ असं तोडून लिहिलं की अर्थ फिरतो: कायद्यानुसार. बाय लॉ, यू मस्ट गिव्ह अ रिसीट.

‘नुसार’चा हा बाय आणखी काही ठिकाणी येतो. बाय माय वॉच, माझ्या घड्याळाप्रमाणे. डोन्ट जज बाय द कलर, नुसत्या रंगावरून केळीची पारख करू नका.

मापं, दर आणि जोड्या

मापाचा ‘बाय’ आपल्याला येतो. दीड बाय दीड मीटरवर केळी लावली की हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, हे इथल्या कोणालाही विचारा. दराच्या ‘बाय’मध्ये मात्र ‘द’ विसरतात. किरकोळीत केळी डझनावर, सोल्ड बाय द डझन. मजुरी रोजावर, पेड बाय द डे. भाडं तासावर, बाय द अवर. एकक सांगितलं की ‘द’ लागतो, नुसता प्रकार सांगितला की लागत नाही: सोल्ड बाय वेट.

जोड्या सोप्या आहेत, कारण मराठीत आपण शब्द दोनदा म्हणतो आणि इंग्रजी मध्ये ‘बाय’ ठेवते. एकेक, वन बाय वन. ओळीओळीने, रो बाय रो. थोडंथोडं, लिटल बाय लिटल. ‘दिवसेंदिवस’कडे जरा लक्ष द्या. काही हळूहळू बदलतंय तर ‘डे बाय डे’. तेच ते रोज चाललंय तर ‘डे आफ्टर डे’.

‘बाय हरसेल्फ’चे दोन अर्थ, एकटी आणि कुणाच्या मदतीशिवाय. शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ, ती एकटी राहते. शी रन्स द फार्म बाय हरसेल्फ, शेती ती स्वतः बघते. घरात दहा माणसं असली तरी दुसरं वाक्य खरं असू शकतं.

बाकीचे ठरलेले वाक्प्रचार तसेच पाठ करावेत: बाय मिस्टेक, बाय चान्स, बाय द वे, बाय फार, बाय अँड लार्ज. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे एकंदरीत, त्यात लहानमोठं काही नाही. ‘स्टँड बाय’ म्हणजे तयार राहणं, आणि कुणाच्या पाठीशी उभं राहणंही. ‘अबाइड बाय’ म्हणजे पाळणं. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं.

आपल्याच गावात चालणारे ‘बाय’

काही ‘बाय’ आपल्या देशातच चालतात. ते चूक आहेत असं मी म्हणत नाही, पण बाहेरच्याशी बोलताना बदलावे लागतात. गट नंबर ११२/२ आपण ‘एकशे बारा बाय दोन’ वाचतो. परदेशी बँकेच्या माणसाला फोनवर पत्ता सांगताना ‘वन वन टू स्लॅश टू’ म्हणा. अपूर्णांक ३/४ आपण ‘थ्री बाय फोर’ म्हणतो, तिकडे ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’. ‘डिव्हायडेड बाय’ मात्र सगळीकडे चालतं. ‘धडा बायहार्ट केला’ याचं इंग्रजी ‘आय लर्न्ट द लेसन बाय हार्ट’. बायहार्ट हे क्रियापद आपण इथे तयार केलं आहे. वन बाय टू सूप मागायचं तर ‘वन सूप, टू बोल्स’ म्हणावं.

स्पेलिंगचं एक. कानाला तिन्ही ‘बाय’ सारखेच, आणि देवनागरीतही सारखेच, म्हणून मोबाइलवर टाइप करताना घोटाळा होतो. आपण इतका वेळ बोललो तो बी-वाय. विकत घेणं तो बी-यू-वाय. निरोपाचा तो बी-वाय-ई. निरोपाचा ‘गुडबाय’ हा ‘देव तुमच्यासोबत असो’ या जुन्या इंग्रजी वाक्याचा आक्रसलेला तुकडा आहे, या ‘बाय’शी त्याचं नातं नाही. व्यापाऱ्याला ‘वी बाय बनानाज बाय वेट’ लिहाल तेव्हा पहिल्यात यू आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढं पाठवण्याआधी बघून घ्या.

हात बसवण्यासाठी

खालची वाक्यं आधी स्वतः करा, मग उत्तर वाचा.

‘मी चारपर्यंत शाळेत असते, पण पाचपर्यंत तुझ्याकडे पोहोचेन.’ दोन पर्यंत, दोन वेगळे शब्द: आय अ‍ॅम अ‍ॅट स्कूल टिल फोर, बट आय विल रीच युअर प्लेस बाय फाइव्ह.

‘भाव दोनशेने उतरून हजारावर आला.’ द रेट फेल बाय टू हंड्रेड टु वन थाउजंड. यातलं ‘उतरून’ वेगळं भाषांतरित करायची गरज नाही, ‘फेल’मध्ये ते आलं.

‘काकूंनी बिबडे हाताने केले.’ बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. हात काकूंचाच, मग विथ की बाय? यंत्राने नाही, हाताने, असं सांगायचं असेल तर ठरलेला प्रयोग ‘बाय हँड’: काकू मेड द बिबडे बाय हँड. खरोखर बोटांनी, तळव्याने काय केलं ते दाखवायचं असेल तर ‘विथ हर हँड्स’. काकूंचे बिबडे विकायला ठेवणार असाल तर पाकिटावर ‘मेड बाय हँड’ लिहा.

‘औषध फवारून तो घरी गेला.’ आफ्टर स्प्रेइंग, ही वेंट होम. ‘औषध फवारून त्याने बाग वाचवली.’ ही सेव्ह्ड द प्लॉट बाय स्प्रेइंग. मराठीत दोन्हीकडे ‘फवारून’च आहे, म्हणून ही दोन वाक्यं वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा.